पंचवटीने सीएसएमटी, फक्त स्टेशन बघायला

दिवाळीच्या सुट्टीत सईने एक चित्र काढलं होतं, सीएसएमटीचं, मोबाईलवरचा फोटो समोर ठेवून. सई म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी, नववीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झालीये आणि इंटरमिजिएट नुकतीच देऊन मोकळी झालीये. चित्र माझ्यासमोर धरून म्हणाली, मामा तू तर रोज जायचास ना तिथे, मग सांग बरं, गाडीतून उतरल्यावर हा घुमट कुठल्या बाजूला दिसतो?

आणि मला सांगता येईना. तीन वर्षं मी पंचवटी एक्सप्रेसचा पास काढून मुंबईला नोकरी केलीये, सकाळी सातच्या आसपास नाशिकरोडला गाडी पकडायची, पावणेअकराला मुंबई, संध्याकाळी ६:१५ ला परत तीच गाडी आणि साडेनऊच्या पुढे घरी. एवढ्या वेळा त्या स्टेशनात उतरलो पण घुमट कुठे ते डोळ्यासमोर येईना. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. जगातून लोक जे बघायला येतात त्याच्या पोटातून मी रोज गेलोय, आणि तोंड कधी बघितलं नाही.

कारण साधं आहे, आपल्या गाड्या लागतात त्या लांब पल्ल्याच्या प्लॅटफॉर्मना, ते नंतर वाढवलेल्या भागात आहेत, पूर्वेच्या बाजूला. तिथून मोठ्या हॉलमध्ये यायचं आणि टॅक्सी नाहीतर बस पकडायला पळायचं. जुनी इमारत राहते उजव्या हाताला, आणि तिचं तोंड पश्चिमेला, रस्त्याकडे. म्हणजे मुद्दाम वळून, रस्ता ओलांडून मागे बघितल्याशिवाय ती दिसतच नाही. नाशिकचे कितीतरी लोक असतील ज्यांनी मुंबईला शंभर खेपा मारल्या आणि हे बघितलं नाही.

म्हटलं चल, जाऊच. मंगळवारची रजा टाकली, दोघांची तिकिटं काढली. ताई म्हणाली मुंबईत जाऊन नुसतं स्टेशन बघणार? राणीची बाग तरी दाखव तिला. म्हटलं नाही, स्टेशनच बघायचंय. मुद्दाम कामाचा दिवस निवडला कारण इमारतीच्या आतला भाग, म्हणजे हेरिटेज म्युझियम आणि जिना, फक्त कामाच्या दिवशी दुपारी ३ ते ५ दाखवतात. कोणी जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, शनिवार रविवारी गेलात तर बाहेरूनच बघून परत यावं लागेल.

पंचवटीत चढलो तर अजूनही तसंच, पासवाल्यांच्या ठरलेल्या जागा, पेपर, डबे, कोणीतरी देवळालीपर्यंत झोपलेला. इगतपुरी सुटली की घाट. सईला सांगत होतो की या घाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, वर येताना मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलावं लागतं, आणि कसारा ते इगतपुरी हा तुकडा १८६५ मध्ये सुरू झाला. मला हे पास काढायचो तेव्हापासून माहिती आहे पण त्याचा आणि त्या इमारतीचा संबंध मी कधी जोडला नव्हता. बोगदे खोदून, दऱ्यांवर पूल बांधून जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला या तेव्हाच्या इंग्रज कंपनीचे रेल्वेवाले वर आले, मग वऱ्हाडचा खानदेशचा कापूस थेट बंदरात उतरायला लागला, आणि त्या पैशातून, त्या धंद्याच्या जोरावर ते मुंबईत एवढं मोठं ऑफिस बांधायला बसले. घाट नसता झाला तर तो घुमट पण नसता, असं मला तरी वाटतं.

उतरल्यावर ठरवल्याप्रमाणे मान खाली घालून सरळ बाहेर पडलो, सबवेतून पलीकडे गेलो, महापालिकेच्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर. सईला म्हटलं आता वळ.

ती काही बोललीच नाही थोडा वेळ. मी पण नाही. फोटोत काय दिसतं तर एक मोठी इमारत, पण समोर उभं राहिलं की आधी तिची रुंदी अंगावर येते, मग मधला घुमट, आणि मग डोळे बारीक बारीक गोष्टींवर जायला लागतात आणि थांबतच नाहीत. कमानी, कमानींच्या आत छोट्या कमानी, टोकदार मनोरे, रंगीत काचा, दगडी जाळ्या. पिवळसर दगड, त्या काळात मुंबईतल्या बऱ्याच मोठ्या इमारतींना हा मालाड कुर्ल्याकडच्या खाणींतला दगड लागलाय. आपल्याला नाशिककरांना दगडी इमारत म्हटलं की काळा दगडच डोळ्यासमोर येतो, काळाराम, सुंदरनारायण, त्यामुळे ऊन पडलेला पिवळा दगड बघून जरा वेगळंच वाटतं.

घुमटाच्या टोकावर एका बाईचा पुतळा आहे, उजव्या हातात वर धरलेली मशाल, डाव्या हातात आऱ्यांचं चाक. ती म्हणजे प्रगती. खाली छपराच्या त्रिकोणी टोकांवर शेती, व्यापार, इंजिनिअरिंग यांचे पुतळे. घड्याळाखाली एक कोनाडा रिकामा आहे, तिथे राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, स्वातंत्र्यानंतर तो काढला. गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. सईने पहिला वाघ काढला.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. १६ एप्रिल १८५३ ला पहिली प्रवासी गाडी ठाण्याला गेली ती इथूनच, पण तेव्हा ही इमारत नव्हती, साधं बोरीबंदर स्टेशन होतं. आमचे आजोबा शेवटपर्यंत बोरीबंदरच म्हणायचे, वडील व्हीटी म्हणतात, मी सीएसटी म्हणत मोठा झालो आणि सई सीएसएमटी म्हणते, एकाच घरात चार नावं. तर ही इमारत बांधायला घेतली १८७८ मध्ये, राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली त्या १८८७ साली तिला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं आणि १८८८ मध्ये काम पूर्ण झालं. दहा वर्षं. खर्च १६ लाखांच्या थोडा वर. आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, समोरची महापालिकेची इमारत पण त्याचीच. नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात महाराज आलं, आणि मध्ये २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. चालू असलेलं, रोज लाखो लोक वापरतात असं स्टेशन त्या यादीत आहे ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

स्टीव्हन्सचं नाव सगळीकडे येतं पण त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव हे असिस्टंट इंजिनिअर होते आणि महादेव जनार्दन सुपरवायझर. ही दोन नावं प्रत्येक मराठी माणसाला माहिती असायला पाहिजेत. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांनी आयुष्यभर नाशकात सेंट्रिंगची, म्हणजे बांधकाम पक्कं होईपर्यंत खालून तात्पुरता आधार द्यायची कामं घेतली, सिडकोत पंचवटीत कितीतरी बिल्डिंगांचे स्लॅब त्यांनी धरलेत, कुठल्याच बिल्डिंगवर त्यांचं नाव नाही. त्यामुळे सुपरवायझरचं नाव दीडशे वर्षांनी शिल्लक आहे म्हटल्यावर मला भरून आलं.

दर्शनी भिंतीवर गोल चौकटीत चेहरे कोरलेत, रेल्वे कंपनीशी संबंधित माणसं. त्यात जमशेटजी जीजीभॉय आहेत आणि आपले नाना शंकरशेट आहेत. नानांनी रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून धडपड केली, पहिल्या गाडीत ते बसले होते, पण घाट चढून रेल्वे वर आली त्याच १८६५ साली ते गेले, ही इमारत त्यांनी बघितली नाही. त्याशिवाय वेगवेगळ्या जातीजमातींचे चेहरे आहेत, प्रत्येकाची पगडी वेगळी. सई बराच वेळ पगड्याच बघत होती.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. तिथे एका खिडकीच्या वरच्या कमानीत मोर आहे, पिसारा पूर्ण फुलवलेला, आणि कमानीचा आकारच पिसाऱ्याचा झालाय. म्हणजे कमान आधी होती आणि तिच्यात मोर बसवला असं वाटतच नाही, मोरानेच पिसारा उघडला आणि कमान झाली असं वाटतं. मग खांबांच्या डोक्यांवर बघा, पानं कोरलीत, आणि त्या पानांत नीट बघितलं की कुठे माकड आहे, कुठे पक्षी, कुठे खार. वरून पावसाचं पाणी बाहेर टाकायला प्राण्यांची तोंडं आहेत, आपल्या देवळात गाभाऱ्यातलं पाणी बाहेर यायला मकरमुख असतं ना अगदी त्याच कल्पनेची.

सई म्हणाली, मामा हे नारोशंकरासारखं आहे.

मी एकदम थांबलो. कारण खरंच आहे. आपल्या रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या मंदिरावर मोर आहेत, माकडं आहेत, वाघ हत्ती आहेत, लहानपणापासून बघतोय. १७४७ चं मंदिर ते, म्हणजे या इमारतीच्या सव्वाशे दीडशे वर्षं आधीचं. आणि इकडे मुंबईत नकाशा गोऱ्या माणसाचा, शैली युरोपची गॉथिक, पण कोरीव काम कोणी केलं तर सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी, जॉन ग्रिफिथ्स या त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. इथली पोरं. त्यांनी लहानपणी आपापल्या गावच्या देवळांवर हेच मोर आणि हीच माकडं बघितली असणार ना. पुस्तकात लिहितात की यात व्हिक्टोरियन गॉथिक आणि भारतीय परंपरा यांचा संगम आहे, ते वाक्य मी आधी वाचलं होतं आणि त्याचा काही अर्थ लागला नव्हता, तो अर्थ नववीतल्या मुलीने एका वाक्यात सांगितला.

मग तिला जे. जे. पण दाखवलं, तिथून चालत दहा मिनिटांच्या आत आहे. गेटच्या बाहेरूनच बघितलं. तिला सांगितलं की तुझ्या एलिमेंटरीच्या सर्टिफिकेटवर कला संचालनालय लिहिलंय ना, त्याचं ऑफिस याच आवारात. ती गेटपाशी एवढी उभी राहिली की वॉचमन काका विचारायला आले ॲडमिशनला आलात का. ती म्हणाली, तीन वर्षांनी येते.

दुपारी पावभाजी खाल्ली आणि लोकलच्या तिकीट हॉलमध्ये गेलो. हा कोणीही बघू शकतो, स्टार चेंबर म्हणतात त्याला, कारण छतावर चांदण्या आहेत. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या, कमानी, चकचकीत दगडी खांब, आणि खाली लोक तिकिटाच्या रांगेत, कुर्ला एक, मुलुंड दोन रिटर्न. एक बाई मान वर करून बघणाऱ्या सईकडे बघून स्वतः वर बघायला लागल्या आणि मग त्यांच्या मागचा माणूस पण. मला ते दृश्य फार आवडलं.

तीनला म्युझियम. तिकीट काढून आत गेलो, तिथले गाइड एकदम मनापासून माहिती सांगणारे. आत गेल्यावर पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की ज्याला आपण स्टेशनची इमारत म्हणतो तो दर्शनी भाग मुळात ऑफिस आहे. जीआयपी रेल्वेचं मुख्य ऑफिस होतं, आज मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. वरून बघितलं तर इंग्रजी सी अक्षरासारखा आकार, मधोमध घुमट. घुमटाखाली प्रवासी नाहीत, जिना आहे.

आणि तो जिना. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत घुसवलंय आणि दुसरं टोक हवेत, खाली खांब नाही तुळई नाही, प्रत्येक पायरी अखंड दगडाची. वळत वळत वर जातो आणि तुम्ही मध्ये उभं राहून वर बघितलं की थेट आठ कोनी घुमट, रंगीत काचांमधून उजेड खाली येतोय, दुपारी तीन सव्वातीनला तो उजेड तिरका होता आणि एका बाजूच्या कठड्यावर लाल निळे तुकडे पडले होते. सईने वही काढली आणि खालच्या पायरीवर बसली. गाइडनी तिला उठवलं नाही, उलट म्हणाले तिकडून चांगलं दिसेल, तिकडे बस.

तेवढ्यात त्यांनी एक वाक्य सांगितलं की हा घुमट सेंट्रिंग न लावता बांधलाय. मी म्हटलं सर परत सांगा. सेंट्रिंगशिवाय, म्हणाले. दगडी फासळ्या एकमेकांत अडकवत वर नेलेल्या आहेत, त्या काळात हे मोठंच नवल मानलं गेलं.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधी कमान बांधायची तरी खालून लाकडी आधार लागतो, कारण मधला शेवटचा दगड बसेपर्यंत बाकीचे दगड स्वतःच्या जोरावर उभे राहात नाहीत. घुमटाला तर पूर्ण मांडव घालावा लागतो लाकडाचा. अण्णा एका साध्या घराचा स्लॅब धरायचा म्हणजे दोन टेम्पो प्लेटा, बल्ल्या, टेकू घेऊन जायचे, आणि रात्री पाऊस आला की उठून टॉर्च घेऊन टेकू बघायला जायचे. मी लहान असताना त्यांच्याबरोबर गेलोय. त्यामुळे एवढा घुमट, एवढ्या उंचीवर, दगडाचा, आणि खालून आधार नाही हे ऐकल्यावर मी जी मान वर केली ती बराच वेळ खाली आली नाही. प्रत्येक थर पूर्ण झाला की तो थर स्वतःलाच धरून ठेवतो आणि वरच्या थराचा आधार होतो, फासळ्या एकमेकांना सोडत नाहीत. कोणीतरी हे आधी कागदावर मांडलं, मग कोणीतरी त्या उंचीवर बसून छिन्नीने घासून घासून तो सांधा जुळवला. त्यांची नावं नाहीत कुठे.

पाचला बाहेर. निघताना मेन लाइनच्या हॉलमधून आलो, जिथे २६ नोव्हेंबर २००८ ला गोळीबार झाला. उद्घोषक विष्णु झेंडे यांनी वरच्या केबिनमधून माइकवर लोकांना सतत सांगून सांगून मागच्या बाजूने बाहेर काढलं आणि कितीजणांचे जीव वाचले. सईला ते माहिती नव्हतं, ती तेव्हा जन्मली पण नव्हती. तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिलो.

संध्याकाळी इमारतीवर लाइटिंग करतात ते मात्र राहिलं, कारण ६:१५ ची पंचवटी. तुम्ही जाणार असाल तर शक्य झालं तर मुक्काम करा. आणि सध्या स्टेशनच्या रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, काही ठिकाणी पत्रे लावलेत, त्याने बिचकू नका, दर्शनी बाजू रस्त्यापलीकडून व्यवस्थित दिसते. सकाळपेक्षा दुपारनंतर जा, तोंड पश्चिमेला असल्यामुळे चारनंतर सगळं ऊन समोरून पडतं आणि कोरीव काम एकदम उठून दिसतं, सकाळी ते सावलीत असतं. सोबत दुर्बीण असेल तर न्याच, माकडं खारी फार वर आहेत.

कसाऱ्याला मागे इंजिनं लागली तेव्हा तो धक्का बसला आणि सई जागी झाली, वही मांडीवर तशीच. नाशिकरोडला उतरल्यावर तिने विचारलं की आपलं स्टेशन असं का नाही. तिला सांगितलं की आपल्याकडे स्टेशन गावापासून लांब, एकेकाळी नाशिकरोडपासून मेनरोडपर्यंत ट्राम होती, आधी चार घोडे ओढायचे ती. आणि कोणाचं मुख्यालय इथे नव्हतं, गाडी थांबायची आणि पुढे जायची. पण कुंभमेळ्याला लाखो लोक येऊन पहिलं पाऊल याच प्लॅटफॉर्मवर ठेवतात, तेव्हा आपल्याकडे जे काही नवीन बांधतील त्यात एखादा तरी मोर आपल्या कारागिरांच्या हातचा असावा, काळ्या दगडातला, असं मला फार वाटतं.

घरी अण्णा जागे होते. त्यांना म्हटलं व्हीटीचा घुमट सेंट्रिंगशिवाय आहे. ते म्हणाले, शक्य नाही. फोटो दाखवला, आतून वर बघून काढलेला. चष्मा लावला, फोटो मोठा केला, बोटाने एकेक फासळी धरून खालून वर नेली, परत खाली आणली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, वरचा दगड कसा नेला असेल रे? मला सांगता आलं नाही. म्हणाले, त्या गाइडला विचारायला पाहिजे होतंस.

पुढच्या बुधवारची पंचवटीची तीन तिकिटं काढलीयेत. खिडकी अण्णांना.